मानेत गाठी नाहीत

मनकर्णाबाईंचा डावा डोळा पोळ्याच्या सुमारास बाहेर यायला लागला आणि दिवाळीपर्यंत पवनारात असं एकही घर उरलं नाही, ज्याला त्यावरचा इलाज माहीत नव्हता. कुणी म्हणालं उष्णता. कुणी म्हणालं नजर. शेजारच्या मास्तरीणबाईंनी सांगितलं की हे मोबाइल पाहून होतं. मनकर्णाबाईंकडे मोबाइल नव्हता, पण मास्तरीणबाई ठाम होत्या. नवरा चंद्रभान पंचेचाळीस वर्षांच्या संसाराच्या अनुभवातून बोलला, "तुले राग आला का तू डोळे वटारते. त्यातला एक वापस गेलाच नाई."

हसून झालं, पण डोळा काही हसण्यावर नेण्यासारखा नव्हता. मेथीच्या जुड्या बांधताना एकीच्या दोन दिसत. आरशात पाहिलं की वाटे, आपल्या चेहऱ्यात कुणी दुसरीच बाई घुसून खिडकीतून डोकावते आहे. दुखत मात्र नव्हतं. न दुखणाऱ्या आजाराला शेतकऱ्याच्या घरी आजार म्हणत नाहीत, म्हणून चार महिने तसेच गेले.

मनकर्णाबाईंना जुने डॉक्टर आठवत. त्या नव्या नवरी होत्या तेव्हा वर्धेहून एक डॉक्टर सायकलवर यायचे. खाटेवर बसायचे, पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "सांगा बाई." मग बाईनं माहेरापासून सुरुवात केली तरी ते ऐकायचे. सासू ऐकू येईल अशा अंतरावर असली तर तिला चहा करायला पाठवायचे आणि मग उरलेलं ऐकायचे. औषध मात्र सगळ्यांना एकच, बाटलीतलं लाल पाणी. आता औषधं हजार झाली आहेत, यंत्रं भिंतीएवढी झाली आहेत आणि ऐकणारी माणसं त्या लाल पाण्यासोबतच बंद झाली आहेत.

जिल्ह्यात मोठमोठे जुने दवाखाने असताना मनकर्णाबाई हिंगणघाट रस्त्यावरच्या नव्या ज्ञानसिंधू कॉलेजात गेल्या, कारण तिथं शोभाबाई होती. शोभाबाई डोळ्यांच्या विभागात आया. वीस वर्षं ती मनकर्णाबाईंकडून वांगी घेत होती आणि वीस वर्षं त्यातली दोन किडकी निघाल्याचं सांगत होती. अशी जुनी ओळख असल्यावर माणूस दुसरीकडे कशाला जाईल?

पहिल्या दिवशी एका तरुण डॉक्टरनं समोर छापील कागद ठेवला. "सांगा आजी, काय त्रास?"

मनकर्णाबाईंनी पदर सावरला. "माह्यं माहेर देवळीचं. आमच्या घरी डोळ्याचं कोणालेच काही नव्हतं. माह्या मोठ्या बहिणीले..."

"डोळ्याचं सांगा."

"तेच सांगून राह्यली."

"किती महिन्यांपासून?"

कागदावर हकीगतीसाठी तीन ओळी होत्या. त्यातली एक तारखेनं भरली होती. बाहेर चाळीस माणसं उभी. पोरगं चांगलं होतं, पण सकाळपासून चहा मिळाला नसावा. त्यानं पुढचे प्रश्न एका दमात विचारले. ताप? खोकला? वजन कमी? मानेत, काखेत गाठी?

"नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या.

ते खरं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी नवरात्रात त्यांच्या मानेत दोन्ही बाजूंनी गाठी आल्या होत्या, आवळ्याएवढ्या. त्याही दुखत नव्हत्या. शेजारणीनं बिबा तापवला आणि त्याच्या तेलाचे ठिपके एकेका गाठीवर दिले. कातडी भाजली, फोड आले, काळे डाग राहिले. पुढच्या होळीपर्यंत गाठी बसत बसत बोराएवढ्या झाल्या. बिब्याचा गुण, असंच सगळे म्हणाले. पण बिब्याची गोष्ट डॉक्टरसमोर काढायची नसते, हे मनकर्णाबाई एकदा शिकल्या होत्या. गावातल्या शिबिरात एका डॉक्टरीणबाईनं त्यांच्या गुडघ्यावरचे बिब्याचे डाग पाहून शंभर लोकांसमोर त्यांची अक्कल काढली होती. त्यात त्यांचा मधला जावईही उभा होता. तेव्हापासून अंगावरचे बिबे त्या दागिन्यांसारखे झाकून ठेवत. शिवाय मानेचा आणि डोळ्याचा काय संबंध? कुणी पायाला ठेच लागली तर कानात तेल घालतं का?

तरुण डॉक्टरनं पदराखालची मान पाहिली नाही. आजीला पदर काढायला सांगणं त्याला संकोचाचं वाटलं असेल, किंवा चाळीस माणसं आठवली असतील. त्यानं लिहिलं: मानेत गाठी नाहीत.

आणि मग ते वाक्य चालू लागलं. पुढच्या डॉक्टरनं ते पहिल्याच्या कागदावरून उतरवलं, तिसऱ्यानं दुसऱ्याच्या. भरती करून घेतानाच्या कागदावर ते आलं, भूल देणाऱ्यांच्या कागदावर आलं आणि शेवटी विभागप्रमुख डॉ. काळमेघ यांच्या सहीखाली जाऊन बसलं. आता त्याला हलवायची कुणाची हिंमत नव्हती. सात डॉक्टरांनी मनकर्णाबाईंच्या मानेत गाठी नसल्याचं नोंदवलं होतं आणि सातांपैकी एकानंही मान पाहिली नव्हती.

डोळ्याचा फोटो निघाला. यंत्रात घालून डोक्याचा निघाला. सुई घालून तपासणी झाली, तिचा अहवाल आला की नक्की काही सांगता येत नाही. काळमेघ सरांना मात्र सगळं नक्की सांगता येत होतं. अश्रू तयार करणारी ग्रंथी असते, तिचा कॅन्सर. मंगळवारी ऑपरेशन.

"डोळा राहीन का जी?" चंद्रभाननं विचारलं.

"गाठ पूर्ण काढायची आहे. तिच्याबरोबर डोळाही काढावा लागण्याची शक्यता जास्त आहे. जीव महत्त्वाचा की डोळा?"

मनकर्णाबाई चौथी शिकलेल्या होत्या. अंगठा देणं त्यांना कमीपणाचं वाटे, म्हणून डोळा काढायच्या परवानगीवर त्यांनी स्वच्छ अक्षरात पूर्ण नाव लिहिलं.

हे आधीच्या बुधवारी. ऑपरेशनची खोली गुरुवारी रिकामी होती, शुक्रवारीही. "मंग मंगळवारच काऊन?" चंद्रभाननं शोभाबाईला विचारलं.

"सोमवारी परीक्षा हाय ना भाऊ," शोभाबाई म्हणाली. "डोळ्याच्या मोठ्या डॉक्टरकीची. बाहेरगावचे पोट्टे येतात, बाहेरगावचे परीक्षक येतात. प्रत्येक पोट्ट्याले एक पेशंट देतात, तासभर तपास म्हणते आणि मंग काय झालं ते इचारते. असा बाहेर आलेला डोळा मिळते का कुठी? सर म्हणाले, ही केस जपून ठेवा."

म्हणजे डोळा जाणारच होता, पण जायच्या आधी त्याला परीक्षेला बसायचं होतं.

शोभाबाईकडे पेशंटांच्या तयारीचं काम असे. ते तिला कुणी दिलेलं नव्हतं, तिनं ते स्वतःहून घेतलं होतं. रविवारी दुपारी तिनं सहा पेशंट ओळीनं बसवले. "पोट्टं घाबरलेलं असते. सरायसमोर काही बोलाचं नाई. पण पडदा ओढला का हळूच आजाराचं नाव सांगून द्याचं. आशीर्वाद भेटते." मोतीबिंदूच्या म्हाताऱ्याला ते सोपं होतं. मनकर्णाबाईंच्या आजाराचं इंग्रजी नाव चार शब्दांचं होतं. त्यांनी ते दोन तासांत पाठ केलं. शोभाबाई म्हणाली, "बाई, तू डॉक्टर व्हाले पाह्यजे होती."

"वांगे कोणं लावले असते मंग? तू काय खाल्लं असतं?"

सोमवारी सकाळी चहा-पोहे झाले. मनकर्णाबाईंच्या खाटेला चार नंबरची चिठ्ठी लावली. पडदा सरकवून आत आली ती तिशीच्या आतबाहेरची एक मुलगी, इस्त्रीचा पांढरा कोट, आणि हात इतके गार की डोळ्याला लावताच मनकर्णाबाई दचकल्या.

"माफ करा आजी. मी सुरभी. घाबरली आहे थोडी."

"घाबरू नको. तुह्यी नुसती परीक्षा हाय. डोळा त माहा चालला."

मग पडद्याकडे बघत त्यांनी ते चार शब्द तिच्या कानात सांगितले, एकही न चुकता. सुरभीनं पेन उघडलं. तिनं नको म्हटलं नाही. चांगल्या कथेतल्या मुलीनं म्हटलं असतं, पण ही गेल्या वर्षी नापास झालेली मुलगी होती. तिनं ते नाव कागदाच्या तळाशी लिहिलं, वर डोळ्याची मापं भरली आणि घड्याळ पाहिलं. एक तासाचं काम वीस मिनिटांत उरकलं होतं. आता चाळीस मिनिटं करायचं काय? बाहेर जाता येत नाही, मोबाइल जमा.

"आजी, कुठल्या तुम्ही?"

एवढंच. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी हा प्रश्न वेळ घालवण्यासाठी का होईना, विचारला. मनकर्णाबाई देवळीपासून निघाल्या. सुरभीची आजीही देवळीकडचीच निघाली. मग त्या गावचा बाजार, लग्नात पत्रावळी कमी पडल्या ती गोष्ट, एकोणीस माणसांचं सासर, आणि दोघींच्या ओळखीची एक बाई, जी कुणालाही काहीही झालं तरी बिबाच लावायची.

"माह्या आजीच्या पाठीवर आहेत तसे डाग," सुरभी हसून म्हणाली.

"पाठीवर काय घेऊन बसली," मनकर्णाबाई म्हणाल्या. आणि जणू पैजेचा प्रश्न असावा तसा त्यांनी पदर खाली ओढला.

सुरभीचं हसू थांबलं. तिनं डाग पाहिले, मग बोटं डागांखाली नेली. जबड्याच्या खाली, कानाच्या मागे, दोन्ही बाजूंनी. बराच वेळ. हात अजून गारच होते.

"या गाठी कधीच्या?"

"गेल्या त्या. बिब्यानं बसल्या."

"नाई गेल्या आजी. दोन्हीकडं आहेत. फाइलमध्ये त नाई म्हणून लिहिलं आहे."

"मीच म्हटलं नाई म्हणून."

सुरभीनं स्टूल जवळ घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं. डोळ्याच्या खोबणीत गाठ आणि मानेत दोन्हीकडे न दुखणाऱ्या जुन्या गाठी, असं एकत्र असलं तर तो कदाचित कॅन्सर नसेलच. वेगळे आजार असतात, फार कमी लोकांना होणारे. त्यातले काही नुसत्या गोळ्यांनी उतरतात. मानेतली एक गाठ काढून तपासली तर कळेल, तिला दहा मिनिटं लागतात. "खात्री नाई देत मी. पण हे पाह्यल्याशिवाय डोळा काढू नये."

मनकर्णाबाईंनी खाटेची कड धरली. "मंग सांग ना सरायले."

सुरभीनं फाइलवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "फाइलवर सरांची सही आहे. त्यांचंच निदान, त्यांचंच कॉलेज, मार्कही तेच देतात. माह्यी ही दुसरी वेळ आहे, आजी."

"आणि मी सांगू? बिबा म्हटलं का ते अक्कल काढतीन. चार माणसायपुढं."

एकीला मार्क जायची भीती, दुसरीला इज्जत जायची. डोळ्याची बाजू घेणारं तिथं कुणी नव्हतं. घंटा वाजली.

काळमेघ सर आले, सोबत अकोल्याहून आलेल्या परीक्षक बाई, पांढरे केस, पायात साध्या चपला. बोलणं इंग्रजीत सुरू झालं. मनकर्णाबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं, पण माणसाचं गप्प होणं कुठल्याही भाषेत कळतं. सुरभी डोळ्याबद्दल धडाधड बोलत होती. मग सरांनी स्वतःच्या मानेला बोट लावून काहीतरी विचारलं, आणि सुरभी थांबली.

तिनं फाइलकडे पाहिलं. सरांकडे पाहिलं.

मनकर्णाबाईंना वाटलं होतं ही सांगेल. मग वाटलं, बिचारीनं काऊन सांगावं? डोळा काय तिचा आहे? आपल्या मानेतल्या गाठी आपणच लपवायच्या आणि लोकाच्या लेकीनं नापास होऊन त्या उघड करायच्या, हा कुठला न्याय?

"हायेत जी," त्या म्हणाल्या.

काळमेघ सर वळले. परीक्षेत पेशंट बोलत नसतो. "काय?"

"गाठी. हायेत." आणि त्यांनी पदर पूर्ण खाली घेतला. काळे डाग माळेसारखे दोन्ही बाजूंना पसरले होते.

"हे काय? बिबा?" सरांचा आवाज चढला. "किती वेळा सांगायचं तुम्हा लोकांना? जाळून घ्यायचं, मग आमच्याकडे यायचं. आणि आधी का नाही सांगितलं?"

अक्कल निघाली ती अशी. मनकर्णाबाईंना नवल वाटलं ते याचं की ती निघताना विशेष काही दुखलं नाही.

"तुमच्या पोट्ट्यानं इचारलं, मी नाई म्हटलं, त्यानं नाई लिहिलं," त्या म्हणाल्या. "दोघायचंही काम लवकर झालं. तुमचं त काय, तुम्हाले इचारावंही लागलं नाई."

अकोल्याच्या बाईंनी खोकल्यासारखा काहीतरी आवाज केला. मग त्या खाटेवर बसल्या, चक्क खाटेवर, आणि मान तपासू लागल्या. त्यांना काही घाई नव्हती. सर घड्याळ बघत राहिले.

"डॉक्टर," तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या आणि मराठीतच म्हणाल्या, "उद्या ऑपरेशन आहे ना या बाईंचं? कशाचं करणार आहात?"

काळमेघ सरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छ होता. "म्हणजे, आधी मानेच्या गाठीचा तुकडा घ्यावा असं माझ्याही मनात होतंच."

"असणारच," बाई म्हणाल्या आणि सुरभीकडे वळल्या. "तू काय करशील?"

सुरभीनं कागदाच्या तळाशी लिहिलेले ते चार शब्द खोडले. अगदी सगळ्यांसमोर, एक आडवी रेघ मारून. "मानेची गाठ तपासेन. अहवाल येईपर्यंत डोळ्याला हात लावणार नाही."

"आणि आत्तापर्यंत गप्प का होतीस?"

"घाबरले होते, मॅडम."

"ते मार्क मी कापणार आहे," बाई म्हणाल्या.

मंगळवारी मनकर्णाबाईंच्या मानेतली एक गाठ निघाली. अहवाल यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस मनकर्णाबाईंना गेल्या चार महिन्यांपेक्षा मोठे गेले, कारण आधी डोळा जाणार हे ठरलेलं होतं आणि ठरलेल्या गोष्टीची माणूस सवय करून घेतो. आता आशा होती, तिची सवय होत नव्हती. त्या उजवा डोळा झाकून नुसत्या डाव्यानं शेत पाहून ठेवत. वांग्याची रांग, विहीर, सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा वाफा, चंद्रभान. चंद्रभान म्हणे, "काय पाह्यतं सारखं?"

"पाहून ठेवून राह्यली. मंग म्हणशील सांगितलं नाई."

अहवाल आला. कॅन्सर नव्हता. रोसाई-डॉर्फमन नावाचा आजार होता. गाठींचाच, पण त्यांच्यात तो डोळ्याच्या खोबणीतही जाऊन बसला होता. पहिल्या दिवशीच्या त्याच तरुण डॉक्टरनं समजावून सांगितलं. आता त्याच्याकडे वेळ होता, किंवा त्यानं तो काढला होता. गाठीतल्या काही पेशी मोठ्या होतात आणि दुसऱ्या पेशींना अख्खं गिळतात. गंमत म्हणजे गिळलेल्या पेशी मरत नाहीत, आत तशाच जिवंत राहतात.

"गिळते, पण पचवत नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "माह्या सासरसारखं झालं हे. एकोणीस माणसायचं घर होतं. मी आत जिवंतच होती."

डॉक्टर हसला. मग खाली बघून म्हणाला, "आजी, मी मान बघायला पाहिजे होती."

"मी दाखवाले पाह्यजे होती," त्या म्हणाल्या. "आता आपण दोघं बरोबर लिहू."

त्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं, देवळीपासून. त्यानं तीन ओळी भरल्यावर कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत राहिला.

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या पंधरवड्यात काही झालं नाही आणि मास्तरीणबाई म्हणाल्या, मी सांगत होते. मग डोळा हळूहळू आत जायला लागला. महाशिवरात्रीपर्यंत मेथीची एक जुडी एकच दिसायला लागली. सुरभीचा शोभाबाईकडे फोन आला, पास झाली म्हणून. काठावर, पण पास.

मार्चमध्ये तपासणीला गेल्या तेव्हा काळमेघ सर स्वतः दारापर्यंत आले. त्यांच्या विभागानं एका अत्यंत दुर्मीळ आजाराचं वेळेत निदान केलं होतं आणि त्यावर ते एका परिषदेत बोलणार होते. त्यांनी आधीचा फोटो दाखवला. त्यात मनकर्णाबाईंच्या दोन्ही डोळ्यांवर काळी पट्टी मारलेली होती.

"हे काऊन?"

"ओळख पटू नये म्हणून. नियम असतो."

मनकर्णाबाईंनी फोटो जवळ धरला, मग लांब. "डोळ्याचा आजार. आणि डोळाच झाकला. मंग लोकायले काय दाखवता, नाक?"

सरांनी फोटो पुन्हा पाहिला. मग म्हणाले की तुमची लेखी परवानगी असेल तर पट्टी काढता येईल. मनकर्णाबाईंनी कागद ओढला. गेल्या वेळी याच टेबलावर त्यांनी सही केली होती, तेव्हा अक्षर जास्त चांगलं आलं होतं. आज घाई झाली, बाहेर चंद्रभान थांबला होता आणि सांभार बाजारात पाठवायचा होता.

"आजार पुन्हा उलटू शकतो," सर म्हणाले. "दर महिन्याला यावं लागेल. गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत."

"बरं."

"आणि काही झालं तर सांगायचं. मानेत, काखेत, कुठंही."

"सांगीन. ऐकाले कोणी असलं त."

मग नंतरचा फोटो काढायचा होता. गोळ्यांनी भूक वाढली होती, चेहरा गोल झाला होता. डोळा आत गेला होता आणि गाल बाहेर आले होते. फोटो काढणारा म्हणाला, आजी, सरळ कॅमेऱ्याकडे बघा, हलू नका. मनकर्णाबाईंनी पदर खांद्यावर नीट घेतला, मान मोकळी ठेवली आणि दोन्ही डोळ्यांनी बघितलं.